आप्पांचं टेबल

२७ जानेवारी, सोमवार
उपाशीपोटी साखर १६८.
सकाळी बिनसाखरेचा चहा. दुपारी दीड भाकरी, वांग्याचं भरीत. संध्याकाळी एक भाकरी, मुगाची आमटी. दोन पेरू.

बारामतीच्या डॉक्टरनं ही वही गळ्यात घातली. "दादासो, दिवसभरात जे तोंडात जाईल ते लिहायचं. आणि खोटं लिहायचं नाही." मी म्हणालो, खोटं लिहायला मी काय पुढारी हाय का? तर हसला. हसायचं पैसं घेत न्हाय म्हणून बरं. पेरू दोन न्हाय, तीन खाल्ले.

२९ जानेवारी, बुधवार
साखर १७१.
नुसतं खाल्लेलं लिहून वही भरत न्हाय. रेघा तर पुष्कळ हायत. मग बाकीचंबी लिहितो. डॉक्टरला वाचायचं असंल तर वाचावं.

आज सकाळी पुण्याला माल गेला. दहा क्रेट. झुकिनी, वांगी, कांदा आणि ती लीक. लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ. गुडघ्याएवढी वाढती आणि चव बघाल तर ना कांदा ना लसूण. पहिल्या साली पिंपळीतल्या लोकांनी बांधावर उभं राहून टिंगल केली, "दादासो, पात लईच माजलीय." आता तेच लोक रोपं मागाय येत्यात.

माल जातो आमच्या प्रतिक्षाकडं. थोरली लेक. पुण्यात कोरेगाव पार्कात तिचं आणि जावयाचं फ्रेंच हॉटेल हाय. नाव फ्रेंच, माझ्या जिभेला वळत न्हाय, मी आपलं 'प्रतूचं हॉटेल' म्हणतो. दसऱ्याला उघडलं. रांधती ती स्वतः. तिकडची माणसं ताटलीचा फोटो काढल्याबिगर घास उचलत न्हायत म्हणं.

२ फेब्रुवारी, रविवार
साखर १७४. खाणं नेहमीचं. रात्रीचं जेवण गेलं न्हाय, का ते लिहितो.

दुपारी प्रतूचा फोन आला. "आप्पा, सोळा तारखेला रविवारी दुपारी तुमी आणि आई या. खिडकीजवळचं टेबल तुमचं हाय."

"येतो की. वांगी घेऊनच येतो."

"वांगी टेंपोनं येत्यात. तुमी जेवायला या."

मग म्हणाली, "दसऱ्यापासून ते टेबल रिकामं ठेवलंय. रविवारी लोक बाहेर ताटकळत्यात, तरी कुणाला देत न्हाय. हॉटेलातली पोरं त्याला 'आप्पांचं टेबल' म्हणत्यात. आता ऐका. ह्या वेळी न्हाय जेवलात तर पुन्हा बोलावणार न्हाय. कधीच न्हाय."

मी हसण्यावारी नेलं. म्हणालो, "अगं, नातवंड दाखव, मग बघ. टेबल, खुर्ची सगळं खाऊन दाखवतो." फोन कट झाला. तिकडं रेंजचा घोटाळा असतोय.

डॉक्टर शहरातला, त्याला ठाऊक नसंल म्हणून लिहितो. आमच्यात लेकीचं लग्न झालं की तिच्या घरचं पाणीसुद्धा बाप पीत न्हाय. तिला मूल झालं की मग जेवायचं, तोवर न्हाय. प्रतूच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. ह्या नऊ वर्षांत मी तिच्या फ्लॅटवर अकरा वेळा गेलो, प्रत्येक वेळी घरनं पाण्याची बाटली नेली. दसऱ्याला हॉटेल उघडलं तवाबी मी दारात नारळ दिला, क्रेटं उतरवली आणि समोरच्या गाड्यावर जाऊन वडापाव खाल्ला. ती दारात उभी राहून बघत होती. पांढरा कोट घातला होता, लई शोभत होता.

सारजा, म्हणजे माझी बायको, आज भांडी आपटतीय. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काय न्हाय. जिभंला हाड नसतंय माणसाच्या."

३ फेब्रुवारी, सोमवार
साखर १८०. झोप न्हाय.

रात्रभर डोकं चालवलं. मग सकाळी सारजाला म्हणालो, "हे बघ. वांगी माझी, कांदा माझा, ती लीक माझी. पेरलं मी, पाणी दिलं मी. मग तितलं जेवण कुणाचं? माझंच. माझंच मी खाल्लं तर बाध कसला?"

सारजा पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "मग लेक कुणाची?"

ह्या बाईला सरळ बोलता येत न्हाय.

दुसरी वाट काढली. प्रतूला फोन लावून म्हणालो, हॉटेल म्हणजे काय घर न्हाय, मी रोख पैसं देऊन जेवतो, पावती दे. तिनं शांतपणं सांगितलं, "आप्पा, पैसं देऊन जेवायचं असंल तर पुण्यात पुष्कळ हॉटेलं हायत." आणि ठेवला फोन. ह्या वेळी रेंज चांगली होती.

६ फेब्रुवारी, गुरुवार
साखर १६६. डाळजला अक्काकडं दोन भाकरी, पिठलं, ठेचा. बहिणीकडं चालतं, तिला नातवंडं झाली.

फुलाअक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. ह्या रीतीचं मूळच तिच्यापाशी हाय, म्हणून निवाडा तिच्याकडनंच घ्यावा म्हणलं. अक्काचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या साली आमचं वडील, तात्या, बैल बघायला भिगवणच्या बाजारात गेलं होतं. येताना उन्हाचं अक्काकडं टेकलं आणि तिनं वाढलं तसं जेवलं. तवा तिला लेकरू नव्हतं. झालं, तिच्या सासूनं जन्मभर ऐकवलं, "तुझा बाप हितं जेवून गेलाय." पुढं सासू मेली तवा कुठं ते थांबलं. तात्या तितं जेवलं तवा मी दहा वर्षांचा होतो. तवाच ठरवलं होतं, आपल्या लेकीला असं ऐकून घ्यायची पाळी आणायची न्हाय.

मला वाटलं अक्का म्हणंल, शाबास दादू, रीत पाळ. तर ती चुलीत फुंकर मारत म्हणाली, "सासूचं बोलणं मी कवाच इसरले बघ. काय काय म्हणायची ते आठवतबी न्हाय आता."

"मग काय आठवतंय?"

"तात्या दोन भाकरी खाऊन म्हणालं, 'आणखी हाय का गं?' मला सोळावं लागलं होतं दादू. माझ्या हातचं कुणी परत मागितलं न्हाय तोवर. तेवढंच आठवतंय." आणि पदरानं डोळं पुसाय लागली. धूर लई होता चुलीचा.

अक्का थकली आता. निवाडा काय मिळाला न्हाय. जाणं वाया गेलं.

९ फेब्रुवारी, रविवार
साखर १५९. आज बरी.

जावई आले होते. ऋषिराज म्हणजे लाख माणूस. त्यांचं गाव लोणी देवकर, आईवडील तितंच. आधी तिथल्याच कारखान्यात सुपरवायझर होते, प्रतूच्या हॉटेलापायी नोकरी सोडली. गावाकडं आलो होतो, वाटेत डोकावलो म्हणाले. लोणी देवकरहून पुण्याला जाताना पिंपळी वाटेत येत न्हाय, पण मी बोललो न्हाय.

चहा झाला. मिरचीचं रोप बघून झालं. तरी उठंनात. शेवटी विहिरीपाशी म्हणाले, "आप्पा, एक विनंती. रविवारी तिथं बाळाचा विषय काढू नका."

"का बरं?"

"नको. तिला तुम्हाला स्वतः काही सांगायचंय. तुम्ही जेवल्यावर. तोपर्यंत काही बोलू नका." आणि तोंड फिरवलं. डोळं लाल झालं होतं त्यांचं.

मी काय खुळा न्हाय. गाडी फाट्याला लागायच्या आत माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मागल्या जूनमध्ये प्रतूच्या पोटातली गाठ काढली. सारजा तवा तितं वीस दिवस राहिली होती. गाठीमुळंच अडलं होतं सगळं, ती निघाली, वाट मोकळी झाली. टेबल राखून ठेवायचं, थाटात बोलवायचं, जेवल्यावर सांगायचं. आणि तीन महिनं व्हईपर्यंत कुणी बोलायचं न्हाय, ही तर जुनीच रीत हाय. पांडुरंगा! मी विहिरीवर एकटाच हसत उभा राहिलो.

संध्याकाळी एक पेढा खाल्ला. लिहितो, लपवत न्हाय.

१२ फेब्रुवारी, बुधवार
साखर १८८. (पेढ्याची न्हाय, दुसऱ्या दिवशीच्या जिलबीची.)

माळ्यावरनं प्रतूचा पाळणा काढला. सागवानी, माझ्या आजोळचा. बारामतीला सुताराकडनं घासून, पॉलिश करून आणला. कड्या नव्या घातल्या. टेंपोतनं उतरवून ओसरीवर ठेवला आणि सारजाला हाक मारली.

ती दारात आली. पाळणा बघितला. चौकटीला धरून खालीच बसली. मी म्हणालो, "कसा झालाय?" तर तोंडात पदर कोंबून रडाय लागली. आनंदानं माणूस असं रडतंय हे मी लग्नात बघितलंय.

थोड्या वेळानं म्हणाली, "अवं, तुमास्नी एक सांगायचंय. मला शपथ हाय, पण आता सांगितल्याबिगर..."

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. "मला ठाऊक हाय सगळं. बोलू नकोस. दृष्ट लागंल."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की काय सांगू. मग म्हणाली, "तुमाला ठाऊक हाय? आणि पाळणा आणला?" म्हणलं, मग कवा आणायचा? ती उठली, गोधडी आणून पाळण्यावर टाकली आणि आत गेली. रात्री स्वैपाक झाला न्हाय. मी दूध पिऊन झोपलो.

हल्ली तिचं वागणं मला कळत न्हाय. नव्या कड्या बसवल्या त्याचा राग असंल.

१५ फेब्रुवारी, शनिवार
साखर १७७.

उद्या जायचं. पांढरा शर्ट इस्त्री करून आणला. माझं ठरलंय. मूल अजून पोटात, म्हणजे रीत संपली न्हाय. नऊ वर्षं थांबलो, आता सहा-सात महिन्यांसाठी कशाला मोडायची? उलट प्रतूच खूश व्हईल, की बापानं शेवटपर्यंत पाळली. ती फोनवर रागावली ते मी विसरलोय. तिनं गोड बातमी सांगितली की मी म्हणणार, आता बारशालाच जेवतो.

सारजाला म्हणालो, दोन भाकरी आणि ठेचा फडक्यात बांध. तिनं विचारलं, "कुणासाठी?" म्हणलं, माझ्यासाठी, तितं टेबलावर खायाला. प्रतूच्या बाजूला बसून खाईन, म्हणजे तिचंबी मन राहिलं आणि रीतबी राहिली.

ती म्हणाली, "मी बांधणार न्हाय."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा न्हाय म्हणाली. भाकरी मीच केल्या. एक करपली, एक चिरली.

१६ फेब्रुवारी, रविवार, सकाळी सहा
साखर १९२. गोळी घेतली. चहा.
पाळणा न्यावा का? सारजा म्हणती, पाळणा गाडीत घातलात तर मी गाडीत बसणार न्हाय. राहू दे मग.

१७ फेब्रुवारी, सोमवार
साखर २३४. डॉक्टर, ओरडायचं ते एकदाच ओरडा. काल काय खाल्लं ते सगळं लिहितो, पण क्रमानं लिहू द्या.

एक वाजता पोचलो. आत गार, मंद उजेड, पांढरीशुभ्र टेबलं. खिडकीजवळच्या टेबलावर कोथिंबिरीच्या फुलांचा गुच्छ होता, आमच्याच रानातला. एक मुलगी आली, वाकून नमस्कार केला, म्हणाली, "आप्पा ना? किती दिवस वाट बघतोय आम्ही." खुर्ची ओढून दिली. पाणी ओतलं. मी पिशवीतली बाटली काढून टेबलावर ठेवली. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं बघितलं.

मग सूप आलं. कांद्याचं. मातीच्या वाडग्यात, वर पाव आणि चीज, खरपूस भाजलेलं. वास असा की तोंडाला पाणी सुटलं. माझा कांदा एवढा चांगला असतोय हे मला नव्हतं ठाऊक. मी हात मांडीवर ठेवून बसलो. सारजानं चमचा उचलला आणि जेवाय लागली, माझ्याकडं न बघता. ती जूनमध्येच रीत सोडून बसलीय हे मला तिच्या चमच्याच्या सवयीनं कळलं.

मी फडकं सोडलं. करपलेली भाकरी काढली. त्या मुलीला म्हणालो, "एक ताटली मिळंल का?" ती तशीच उभी राहिली. आजूबाजूची माणसं मान वळवून बघाय लागली. सारजा हळूच म्हणाली, "झाका ते. पाया पडते तुमच्या."

तेवढ्यात प्रतू बाहेर आली. पांढरा कोट, कपाळावर घाम. भाकरी बघितली, माझ्याकडं बघितलं आणि खुर्ची ओढून बसली. "आप्पा, सूप गार व्हतंय."

मी ओठ दाबून हसत होतो. जावयांनी बजावलं होतं, पण राहवलं न्हाय. म्हणालो, "प्रतू, मला सगळं कळलंय. पाळणा पॉलिश करून ओसरीवर ठेवलाय. नव्या कड्या घातल्यात. आता बारशालाच जेवतो, मग बघ कसा जेवतो ते."

सारजानं माझं मनगट धरलं, नखं रुतली. प्रतूच्या तोंडावरचा रंग उतरला. ती रडली न्हाय. सरळ माझ्याकडं बघून म्हणाली, "आप्पा, मला मूल व्हणार न्हाय. जूनमध्ये गाठ न्हाय, पिशवीच काढली. आईला मी शपथ घातली होती."

मला पहिल्यांदा ते समजलंच न्हाय. मग समजलं. नऊ वर्षं फोनवर, लग्नात, दिवाळीत, पाहुण्यांसमोर, मी काय काय बोललो ते सगळं एकदम आठवलं. जूननंतर किती वेळा बोललो ते मोजाय लागलो आणि सोडून दिलं.

मी घाईघाईनं चमचा उचलला. वाडगं जवळ ओढलं. तर तिनं ते हातातनं काढून घेतलं.

"आता नको."

"खातो गं. दे."

"आता तुमी कीव आली म्हणून खाणार. मला तसं नको होतं आप्पा. तुमी आधी जेवायला पायजे होता. मूल न्हाय, काय न्हाय, नुसतं माझ्या हातचं म्हणून. मग मी सांगणार होते." तिनं वाडगं उचललं, माझी भाकरी फडक्यासकट उचलली आणि आत निघून गेली.

मी टेबलावरचं पांढरं कापड बघत बसलो. मी रीत पाळत होतो ती तिला कुणी बोल लावू नये म्हणून. आणि नऊ वर्षं तिला बोल लावणारा मीच एकटा होतो. तिच्या सासूनं एक शब्द कधी काढला न्हाय.

सारजा म्हणाली, "बसलाय काय? जावा की आत."

आत भट्टीची धग, भांड्यांचा दणदणाट. पोरं बाजूला झाली. मागच्या दारापाशी आमची हिरवी क्रेटं रचली होती, 'पिंपळी' लिहिलेली. त्यातलं एक पालथं घालून प्रतू बसली होती. मांडीवर फडकं. माझी करपलेली भाकरी ठेच्यासंगं खात होती, लहानपणी खायची तशी, कड आधी मोडून. नाक वाहत होतं. सूप बाजूला फळीवर तसंच.

मी दुसरं क्रेट पालथं घातलं. वाडगं घेतलं, तोंडाला लावलं. गार झालं होतं. चीजचा दोरा मिशीत अडकला. ती बघत न्हाय असं दाखवत बघत होती.

"भाकरी कुणी केली?" तिनं विचारलं.

"मी."

"वाटलंच. चामड्यागत झालीय."

"मग कशाला खातीस?"

"तुमी केलीय म्हणून." आणि आणखी एक तुकडा मोडला.

मला बोलायचं होतं. माझं चुकलं म्हणायचं होतं. मी पाव खाल्ला, तळाचा कांदा बोटानं निपटून खाल्ला. वाडगं लख्ख झालं.

ती म्हणाली, "संपवलंत. कीव आली म्हणून ना?"

डॉक्टर, मला भूक होती व्हय. चहा सोडला तर सकाळपास्नं पोटात काय नव्हतं. पण भूक तर वडापावानंबी भागती. ते सूप माझ्या कांद्याचं होतं आणि तरी माझं नव्हतं, त्यात जे काय होतं ते सगळं तिचं होतं. आणि मग डाळजची चूल आठवली, अक्का आठवली. त्या दिवशी अक्काच्या चुलीला धूर नव्हताच. साधी धग होती.

मी रिकामं वाडगं तिच्यापुढं धरलं आणि विचारलं, "आणखी हाय का गं?"

तिनं भाकरी खाली ठेवली. कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं, उठली आणि अख्खं पातेलंच घेऊन आली.

खाल्लेलं: सूप तीन वाडगी. पाव सहा तुकडे. लीकची वडीसारखी कायतरी, दोन. वांगी-झुकिनीची भाजी, पुन्हा मागून. वर साखर जाळलेली दुधाची वाटी, एक. न्हाय, दोन.